सिमेंटच्या गोणीवरचं गाव

पायवाट
मागच्या वर्षी गावाकडच्या घराचं बांधकाम चालू होतं. स्लॅबच्या दिवशी नेमका मिक्सर बिघडला आणि तो दुरुस्त होईपर्यंत गोण्यांच्या थप्पीवर बसून राहण्यापलीकडे मला काही उद्योग उरला नाही. बसल्या बसल्या गोणीवरची अक्षरं वाचून काढली. 'पोर्टलँड पोझोलाना सिमेंट'. पोर्टलँड ठीक आहे, त्या नावाचा दगड इंग्लंडात आहे. पण पोझोलाना काय भानगड? मिस्त्रीला विचारलं. "राखेचं सिमेंट हो साहेब," म्हणाला आणि तंबाखू मळायला लागला.

मिस्त्रीचं बरोबरच होतं. पण नाव निघालं एका गावाचं. नेपल्सच्या पश्चिमेला समुद्रकाठी पोझुओली म्हणून गाव आहे. रोमन लोक त्याला पुतेओली म्हणत. दोन हजार वर्षांपूर्वी रोमकडे जाणाऱ्या मोठ्या जहाजांचं हे मुख्य बंदर होतं. तेव्हापासून या गावानं माझं डोकं खाल्लंय, म्हणून हा धागा.

सुरुवात ग्रीकांची. सामोस बेटावर पॉलिक्रातिस नावाचा जुलमी राज्यकर्ता होता. त्याला कंटाळून काही मंडळी निघाली आणि इ.स.पू. 530 च्या आसपास इथं उतरली. शेजारी कुमी हे जुनं ग्रीक शहर होतंच. नव्या वस्तीचं नाव ठेवलं दिकाइआर्खिया, म्हणजे न्यायाचं राज्य. घरचा जुलूम सोसून आलेल्यांनी ठेवावं असंच नाव. रोमनांनी मात्र ते पुतेओली करून टाकलं. काही म्हणतात हे 'विहिरी'वरून, काही म्हणतात 'दुर्गंधी'वरून. स्त्राबो या प्राचीन ग्रीक भूगोलकारानं दोन्ही अर्थ दिलेत. गावाच्या डोक्यावर सोल्फातारा हे गंधकाच्या वाफा ओकणारं विवर आहे, तेव्हा माझं मत दुर्गंधीला.

कार्थेजचा सेनापती हॅनिबल इटलीत धुमाकूळ घालत होता तेव्हा रोमनांनी इथं शिबंदी बसवली. इ.स.पू. 214 मध्ये त्यानं गावावर चाल केली, पण हात हलवत परत गेला. इ.स.पू. 194 मध्ये 300 रोमन कुटुंबं आणून वसाहत केली. पुढं शंभरेक वर्षांत व्यापार इतका फुगला, की लुसिलियस या कवीनं गावाला 'धाकटं डेलोस' म्हटलं. डेलोस म्हणजे त्या काळची पूर्व भूमध्यसागरातली सगळ्यात मोठी पेठ. इ.स.पू. 88 आणि 69 अशी दोनदा ती लुटली गेली, आणि धाकट्याचे दिवस आले.

बंदरावरचा एक दिवस कसा असेल, ते सेनेका या रोमन तत्त्वज्ञानं एका पत्रात लिहून ठेवलंय. अलेक्झांड्रियाचा धान्याचा काफिला यायचा असला, की टपाल घेऊन हलकी गलबतं पुढं यायची. सारा गाव धक्क्यावर. कितीही गलबतांच्या गर्दीत ही ओळखू यायची, कारण कापरी बेटाजवळ आत वळताना बाकी सगळ्यांना वरचं लहान शीड उतरवावं लागे, ते ठेवायची मुभा फक्त अलेक्झांड्रियावाल्यांना. सेनेकाची स्वतःची मिसरमधली (इजिप्तमधली) मालमत्ता होती, तिची पत्रं त्याच टपालात होती. तरी तो लिहितो, मी काही घाई केली नाही. म्हातारपणी एवढी निवृत्ती यावी! (पत्रं तिजोरीच्या किल्ल्यांसकट येत असतील तर मीही घाई करणार नाही.)

पण मला या गावात खरा रस वाटला तो सम्राट-तत्त्वज्ञांमुळे नाही, एका कर्जबाजारी धान्य व्यापाऱ्यामुळे. 1959 मध्ये पॉम्पेईजवळ महामार्गाचं काम चालू असताना मुरेचिने इथं एका इमारतीत वेताची टोपली सापडली. आत मेण लावलेल्या लाकडी पाट्या. सुल्पिकियुस नावाच्या पुतेओलीतल्या सावकारी पेढीचं दप्तर! साधारण इ.स. 26 ते 61 या काळातलं.

त्यात हा गायुस नोवियुस युनुस. इ.स. 37 च्या जूनमध्ये त्यानं 10,000 सेस्टर्स (रोमन नाणी) कर्जाऊ उचलले. तारण म्हणून अलेक्झांड्रियाचा 7,000 मोदी गहू (मोदी हे रोमन धान्यमाप, आपल्या हिशेबानं 45 टनांच्या वर) आणि वर हरभरा, मसूर वगैरेंची 200 पोती. पंधरा दिवसांत आणखी 3,000 घेतले, तारण तेच. माल ठेवला होता सरकारी वखारीत, खोली नंबर 12. ती खोली सावकाराच्या माणसाच्या नावे भाड्यानं करून दिली, भाडं महिन्याला 1 सेस्टर्स. म्हणजे भाडं नावापुरतं, खरा मुद्दा किल्ली कोणाकडे हा.

आणि हे सगळं युनुसनं स्वतःच्या हातानं लिहिलंय. लॅटिनच्या शुद्धलेखनाच्या इतक्या चुका, की भाषेचे अभ्यासक त्याच्यावर फिदा आहेत. जसं बोलायचा तसं लिहायचा बिचारा. दोन वर्षांनी, इ.स. 39 मध्ये, तो 1,250 सेस्टर्सची बाकी कबूल करताना दिसतो. चुकला तर दिवसाला 20 दंड, आणि ज्युपिटरची व दिवंगत ऑगस्टसची शपथ. त्याला पैसे देणारा माणूस हेसिकुस हा गुलाम होता, आणि तोवर त्याची मालकी सम्राट कॅलिगुलाकडे गेली होती. म्हणजे एक व्यापारी सम्राटाच्या गुलामाचं देणं लागत होता!

हात दुखले. बाकीचं प्रतिसादांत लिहितो.

हिशेबनीस
वा, मजा आली. आयुष्य बँकेत गेलं म्हणून सांगतो, खोली नंबर 12 चा व्यवहार म्हणजे शुद्ध गोदाम तारण कर्ज. आमच्याकडेही कर्जदाराच्या गोदामाला बँकेचं कुलूप लागायचं आणि दारावर बँकेच्या नावाची पाटी. भाडं नाममात्र दाखवायचं, म्हणजे ताबा आमचा हे कागदावर यावं. हे रोमनांनी आधीच करून ठेवलंय हे ठाऊक असतं तर ट्रेनिंगमध्ये ऐट मारली असती.

एक शंका. जूनमध्ये तारणाला गहू होता, मग बाकी दोन वर्षं का रेंगाळली?

पायवाट
हिशेबनीसकाका, कारण पाट्यांत नाही. पण वेळ बघा. मार्च 37 मध्ये सम्राट तिबेरियुस वारला, जूनमध्ये हे कर्ज. हेसिकुसचा आधीचा मालक, म्हणजे खरा सावकार, एवेनुस प्रिमियानुस हा तिबेरियुसनंच मुक्त केलेला गुलाम. वरची माणसं बदलत होती, खालची देणी तशीच होती.

दर्यासारंग
लेख चांगला, पण बुडाशी एक अडचण आहे. मी बंदरखात्यात होतो. मिसरहून निघालेलं जहाज रोमसाठी गहू नेतंय, तर ते रोमपासून पावणेदोनशे किलोमीटर अलीकडे का थांबेल? तिथून पुन्हा चढउतार. हमाली दुप्पट, नासाडी दुप्पट. कोणता शहाणा असं करेल?

पायवाट
रास्त प्रश्न. उत्तर तुम्हालाच जास्त पटेल. रोमचं स्वतःचं बंदर ओस्तिया, टायबर नदीच्या मुखाशी. तिथं गाळ. आपल्याकडे चौल-दाभोळच्या खाड्यांचं पुढं काय झालं ते तुम्ही जाणताच. मोठी जहाजं बाहेर उघड्या समुद्रात नांगर टाकून होडक्यांतून माल उतरवत, आणि वारा फिरला की संपलं. पुतेओलीला मात्र आखात, खोल पाणी, तिन्ही बाजूंनी आडोसा. इथं माल उतरवायचा आणि किनाऱ्या-किनाऱ्यानं लहान गलबतांतून ओस्तियाला न्यायचा.

दुसरं, परतीचं भाडं. रोमहून परत न्यायला होतं काय? इथं मात्र पाठीशी काम्पानिया या आसपासच्या मुलखाची दारू, काचसामान, धातूची भांडी.

सम्राट क्लॉडियसनं इ.स. 42 मध्ये ओस्तियाजवळ मोठं कृत्रिम बंदर बांधायला घेतलं. 62 मध्ये त्याच बंदराच्या आत वादळात 200 च्या आसपास जहाजं बुडाली, टॅसिटस या रोमन इतिहासकारानं लिहून ठेवलंय. मग कोण जाईल तिथं? पुढं सम्राट त्राजाननं आतल्या बाजूला षट्कोनी गोदी खोदली, तेव्हा कुठं धान्याचा काफिला हळूहळू तिकडं सरकला.

दर्यासारंग
हे पटलं. बंदराच्या आत 200 म्हणजे लाटरोधकाचं तोंड चुकलं होतं. बाकी चालू द्या.

स्थापत्य_मास्तर
गोणीवरून सुरुवात केलीत आणि राखेचं काहीच लिहिलं नाहीत! मी पुरं करतो.

नुसता चुना हवेत सुकून घट्ट होतो, पाण्याखाली नाही. पुतेओलीच्या परिसरातली ज्वालामुखीची राख चुन्यात मिसळली, की राखेतली सिलिका आणि अॅल्युमिना चुन्याशी संयोग पावतात आणि मिश्रण पाण्यातही दगड होतं. वित्रुवियुस या रोमन वास्तुविशारदानं या 'पुतेओलीच्या भुकटी'चं कौतुक करून ठेवलंय. लाकडी साचे समुद्रात उतरवायचे, आत चुना, राख आणि दगड भरायचे. पुतेओलीचा धक्का असाच, 372 मीटर लांब, 15 खांबांवर कमानी. मुद्दाम भरीव भिंत घातली नाही, म्हणजे कमानींतून पाणी वाहतं राहून गाळ बसत नाही. आज ते सगळं नव्या धक्क्याच्या पोटात गडप आहे.

हेरोद राजानं आजच्या इस्राएलमध्ये कायसेरिया बंदर बांधलं तेव्हा त्यानं ही राख थेट इथून जहाजांनी मागवली. इतक्या लांब! गंमत म्हणजे समुद्राचं पाणी झिरपत राहिल्यानं या काँक्रीटमध्ये टोबरमोराइट या खनिजाचे नवे स्फटिक तयार होतात आणि ते आणखी बळकट होतं. आपलं सळईचं काँक्रीट खाऱ्या हवेत काय करतं ते कोकणातला कोणताही पूल बघा.

आपल्याकडे राख नव्हती म्हणून विटांची भुकटी, सुरखी. चुना-सुरखीच्या जुन्या बांधकामात होणारी क्रिया हीच. आणि तुमच्या गोणीत आहे ती औष्णिक वीज केंद्राची राख. नाव तेवढं अजून त्या गावाचं.

बाराबंदी
+1 मास्तर. वाचनखूण साठवली.
फक्त एक, सोफिया लॉरेन याच गावात लहानाची मोठी झाली हे कोणीच कसं लिहीत नाही? प्राचीन इतिहासात बसत नाही हे मान्य, पण तरी.

आता गंभीर प्रश्न. सातवाहनांचा रोमशी एवढा व्यापार होता, म्हणजे आपले पैठणचे, तेरचे व्यापारी पुतेओलीत पेढ्या टाकून बसले असणार ना? गावात मराठी आळी असेल!

शेवंती
बाराबंदी, दमानं घ्या हो. पुतेओलीत परक्यांच्या आळ्या होत्या, पण त्या कोणाच्या हे शिलालेख सांगतात. तायर शहरच्या फिनिशियन व्यापाऱ्यांची तिथं कचेरी होती. इ.स. 174 मध्ये त्यांनी मायगावाला पत्र धाडलं, ते दगडावर कोरलेलं सापडलंय. सूर रडका. पूर्वी आम्ही खूप होतो, श्रीमंत होतो, आता थोडेच उरलोत, देवांची पूजाअर्चा आणि कचेरीचं भाडं दोन्ही झेपत नाही, भाड्याचं तुम्ही बघा. (दर्यासारंग, तुमचं बंदर कसं ओसरलं त्याचा हा कागद.) पेत्राच्या अरब नाबातियनांचं तर तिथं दुशारा या त्यांच्या देवाचं देऊळ होतं. त्याच्या संगमरवरी वेदी आज समुद्राच्या तळाशी आहेत.

आपला माल तिथं पोचायचा तो हातोहात. भडोच किंवा कल्याणहून तांबड्या समुद्रापर्यंत, उंटांवरून नाईलपर्यंत, नदीनं अलेक्झांड्रियाला आणि तिथून पुतेओलीला. पॉम्पेईत 1938 मध्ये सापडलेली हस्तिदंती बाई, जिला लक्ष्मी म्हणायची पद्धत पडली पण यक्षी म्हणणं जास्त बरं, ती तशाच एखाद्या वाटेनं गेली असणार. तिच्या जवळच्या बहिणी तेर आणि भोकरदनला मिळाल्यात. वीतभर उंचीची आहे, नेपल्सच्या संग्रहालयात ठेवलीय.

उलट दिशेचं जास्त पक्कं आहे. 'पेरिप्लस' या त्या काळच्या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत भडोचला काय खपतं याची यादी आहे. त्यात दारू, आणि दारूत आधी नाव इटलीच्या दारूचं. ती यायची दोन कानांच्या उंच मातीच्या कुंभांतून. काम्पानियाचे कुंभ ओळखायला सोपे, मातीत काळी ज्वालामुखी वाळू चमकते. भारतात सापडलेल्या खापरांत अशी खापरं आहेत. तेव्हा मास्तरांच्या राखेची सख्खी बहीण दोन हजार वर्षांपूर्वीच इकडे येऊन गेलीय, गोणीतून नाही, दारूच्या कुंभातून.

कोल्हापूरला गेलात तर टाऊन हॉलच्या संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या उत्खननातला काशाचा पोसायडन बघा. लहानसाच आहे. लोक त्याच्यासमोरून न थांबता पुढं जातात, मला दर वेळी वाईट वाटतं.

पायवाट
शेवंतीताई, हा प्रतिसाद स्वतंत्र धाग्याच्या तोलाचा आहे. तुमच्या हातोहातच्या मुद्द्याला पुतेओलीचंच एक घराणं जोडतो. अन्नियुस. त्यांच्यातल्या प्लोकामुसनं तांबड्या समुद्रावरच्या जकातीचा मक्ता घेतला होता. प्लिनी हा रोमन लेखक सांगतो, प्लोकामुसचा एक मुक्त केलेला गुलाम अरबस्तानाजवळ वाऱ्यात सापडला आणि पंधराव्या दिवशी श्रीलंकेला लागला. तिथल्या राजानं सहा महिने पाहुणचार केला. राजाला नवल कशाचं वाटलं? नाण्यांवर तोंडं वेगवेगळ्या राजांची, पण वजन सगळ्यांचं सारखं. त्यावरून त्यानं रोमन माणसं सचोटीची ठरवली आणि रोमला वकील पाठवले.

याला आपण दर्यावर्दी गप्पा म्हणून सोडून दिलं असतं. पण मिसरच्या पूर्व वाळवंटात बेरेनिके बंदराच्या वाटेवर, एका खडकाच्या सावलीत, याच प्लोकामुसच्या लिसास नावाच्या माणसानं ग्रीक आणि लॅटिन दोन्हींत 'मी इथं आलो होतो' असं खरडून ठेवलंय. साल इ.स. 6. आपल्या किल्ल्यांवर नावं कोरणाऱ्यांना मी शिव्या घालतो, लिसासला मात्र माफ.

नापोलीत_मुक्काम
इथं राहते म्हणून दोन दुरुस्त्या. उच्चार 'पोत्सुओली' असा आहे, ली लांबवू नका. आणि सोल्फातारा 2017 पासून पर्यटकांना बंद आहे, तेव्हा वास घ्यायला येऊ नका, तसाही गावात येतोच.

कोणीच अजून लिहिलं नाही ते सांगते. हे गाव वरखाली होतं. शब्दशः. सगळा परिसर म्हणजे कांपी फ्लेग्रेई नावाचा प्रचंड ज्वालामुखी, बहुतेक भाग सपाट किंवा पाण्याखाली, म्हणून डोंगर दिसत नाही. आतला दाब कमी-जास्त झाला की जमीन श्वास घेतल्यासारखी वर येते, खाली जाते. इथले लोक त्याला ब्रादिसिस्मो म्हणतात.

याचा पुरावा गावाच्या मध्यावर उभा आहे. 1750 मध्ये तिथं सेरापिस देवाची मूर्ती मिळाली म्हणून सगळे 'सेरापिसचं देऊळ' म्हणू लागले. ती होती मंडई! चारी बाजूंनी गाळे, मधे गोल मंडप. तिथले तीन संगमरवरी खांब, 12 मीटरच्या वर उंच. खांबांच्या मधल्या पट्ट्यात बोटं जातील अशी भोकं. ती पाडली समुद्रातल्या दगड पोखरणाऱ्या शिंपल्यांनी. म्हणजे खांब न पडता तेवढे पाण्यात बुडले आणि न पडताच वर आले. चार्ल्स लायल या भूगर्भशास्त्रज्ञानं 1830 मध्ये भूगर्भशास्त्राचा ग्रंथ काढला तेव्हा सुरुवातीला चित्र छापलं ते याच खांबांचं.

1538 च्या सप्टेंबरअखेर शेजारी जमीन फुगली, फुटली आणि आठवड्याभरात एक नवी टेकडी उभी राहिली. नाव मोंते नुओवो, नवा डोंगर. 2 मार्च 1970 ला टेकाडावरचा जुना गाव, रिओने तेर्रा, सरकारनं रिकामा केला. 1982 ते 84 मध्ये जमीन 1.8 मीटर उचलली आणि 40,000 लोकांना हलवलं. 2005 पासून पुन्हा वर चाललीय, सव्वा मीटरहून जास्त झालंय. 20 मे 2024 ला 4.4 रिश्टरचा धक्का बसला तेव्हा मी स्वयंपाकघरात होते, कपाटातल्या बरण्या बाहेर आल्या. मासेमारीच्या छोट्या बंदरात पाणीच उरलं नाही, मचवे चिखलात कलंडून पडलेत. बंदराचा धक्का तोच आहे, समुद्र खाली गेल्यासारखा दिसतो.

हिशेबनीस
बाप रे. रिकामा केला त्या जुन्या गावाचं काय झालं?

नापोलीत_मुक्काम
काका, तीच तर गंमत. माणसं गेली म्हणून खाली खोदता आलं. रिओने तेर्राच्या पोटात रोमन रस्ते, दुकानं, जात्यांसकट बेकरी जशीच्या तशी आहे, खाली उतरून फिरता येतं. आणि वर कॅथेड्रल. 1964 मध्ये त्याला आग लागली, बरोक सजावट जळून गेली, आणि भिंतींतून ऑगस्टसच्या काळच्या देवळाचे संगमरवरी खांब बाहेर आले! शेकडो वर्षं लोक देवळाच्या आतच प्रार्थना करत होते. 2014 मध्ये पुन्हा उघडलं, आता अर्धं रोमन देऊळ, अर्धं चर्च, मधे काच. मला आवडतं. सासूबाईंना आवडत नाही.

तसा ख्रिस्ती धर्मही इथं लवकर आला. संत पॉल कैदी म्हणून रोमला जाताना इथंच उतरला, इ.स. 60 च्या सुमारास, अलेक्झांड्रियाच्या जहाजानं. गावात त्याला आधीच धर्मबंधू भेटले आणि त्यांनी सात दिवस ठेवून घेतलं.

बाराबंदी
सात दिवस ठेवून घेणारी माणसं. कोकणातलीच असणार, माझा मुद्दा मी सोडत नाही.

जमीन हलते म्हणता, तर रोमनांची घरं पडत नव्हती का? का सगळं मास्तरांच्या राखेवर तरलं?

पायवाट
पडत होती की! सिसेरो या रोमन वक्त्याला पुतेओलीत वारशानं काही गाळे मिळाले होते. इ.स.पू. 44 च्या एप्रिलमध्ये, म्हणजे सीझरचा खून होऊन महिना झालेला, देश पेटलेला, आणि हा गृहस्थ मित्राला लिहितो, माझे दोन गाळे कोसळले, बाकीच्यांना तडे गेलेत, भाडेकरूच काय, उंदीरसुद्धा घर सोडून गेले. पुढं लिहितो, वेस्तोरियुसनं नव्यानं बांधायची अशी योजना सुचवलीय की या नुकसानीतून फायदाच होईल.

वेस्तोरियुस म्हणजे गावातला सावकार आणि कारखानदार. मिसरी निळा रंग करायची कृती अलेक्झांड्रियाहून आणून त्यानं पुतेओलीत भट्ट्या घातल्या.

स्थापत्य_मास्तर
पुनर्विकास! बिल्डर, पडकी चाळ आणि 'तुमचा फायदाच होईल'. उंदरांचं पुनर्वसन झालं का तेवढं बघा.

दर्यासारंग
नापोलीताई, ते चिखलात कलंडलेले मचवे, त्यांचं कोळी लोक काय करतात? ड्रेजिंग?

नापोलीत_मुक्काम
दादा, काही मोठ्या धक्क्याकडे हलवलेत, तिथं अजून खोली आहे. प्रोचिदा आणि इस्कियाच्या फेरीबोटी तिथूनच सुटतात, पण जमीन वर गेल्यामुळे गाडी चढवायची फळी लावतानाही कसरत होते. लहान मचवेवाले वाट बघतायत. आमच्या मासेवाल्या आजोबांना विचारलं तर ते म्हणाले, 84 नंतरही असंच होतं, मग पाणी परत आलं.